चढावर गुडघ्याच्या वाटीभोवती दुखते : सीटची उंची, गिअर की आणखी काही?

गोदाकाठ (१२ नोव्हेंबर)

नमस्कार. प्रश्न जरा सविस्तर मांडतो, कारण अपुऱ्या माहितीवर सल्ला मागितला की सल्लाही अपुराच मिळतो, हे मला एव्हाना कळले आहे.

माझे वय ४६, उंची १७० सेंटीमीटर, वजन ७८ किलो. नोकरी बँकेत, त्यामुळे दिवसाचे आठ तास खुर्चीत जातात. गेल्या फेब्रुवारीत पुढे तीन आणि मागे आठ गिअर असलेली हायब्रिड सायकल घेतली आणि सप्टेंबरपर्यंत आठवड्याला ६०-७० किलोमीटर अगदी आनंदात चालवली. जानेवारीतील २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेमध्ये, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीत, भाग घ्यायचे मनाशी ठरवल्यावर मात्र सराव एकदम वाढवला आणि आठवड्याला १७०-१८० किलोमीटरवर नेला. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापासून उजवा गुडघा दुखू लागला.

दुखणे नेमके वाटीच्या भोवती आणि थोडे वाटीच्या खाली आहे. नाशिकहून त्र्यंबकेश्वरला जाताना रस्ता सौम्य चढत जातो. साधारण अंजनेरीच्या आसपास, म्हणजे २० किलोमीटरनंतर, ते जाणवायला लागते. परतीच्या उतारावर काही होत नाही. घरी आल्यावर जिना उतरताना आणि कार्यालयात बराच वेळ बसून उठताना पुन्हा कळ येते. सूज नाही, पडलो-झडलो नाही.

अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवले. क्ष-किरण तपासणीत झीज दिसली नाही. दोन आठवडे विश्रांती आणि पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. दोन आठवड्यांत दुखणे पूर्ण थांबले, आणि पुन्हा सायकल सुरू केल्यावर दुसऱ्याच फेरीत त्याच जागी हजर झाले. घरचे म्हणतात, आता सायकल पुरे. सोबतचे सायकलस्वार म्हणतात, नी-कॅप लाव आणि चालव. मला दोन्ही पटत नाही. नेमके कोठून पाहायला सुरुवात करावी?

फ्रीव्हील_पुणे (१२ नोव्हेंबर)

आपण दुखण्याची जागा, वेळ आणि रस्ता तिन्ही लिहिलेत, हे फार बरे केलेत. सायकलवरच्या गुडघेदुखीत अर्धे निदान जागेवरूनच होते. पुढून, वाटीभोवती दुखत असेल तर पहिला संशय खाली असलेल्या सीटवर आणि जड गिअरवर घ्यायचा. मागून, खोबणीत दुखत असेल तर प्रमाणाबाहेर वर किंवा मागे गेलेल्या सीटवर. आणि आतल्या किंवा बाहेरच्या कडेला दुखत असेल तर पाऊल पेडलवर कोणत्या कोनात बसते याच्यावर. याला अपवाद असतात, परंतु शोध सुरू करायला एवढे पुरते.

सीटविषयी आपण एक अक्षरही लिहिलेले नाही, याचा अर्थ ती दुकानातून आली तशीच असावी, असा माझा अंदाज आहे. आपल्याकडे नव्या गिऱ्हाइकाला सायकल देताना बसल्या जागी दोन्ही पाय जमिनीला टेकतील अशी सीट लावून देण्याची पद्धत आहे. त्यात दुकानदाराचा वाईट हेतू नसतो. गिऱ्हाईक पहिल्याच फेरीत पडू नये, एवढेच तो पाहतो. मात्र बसून दोन्ही तळवे जमिनीला टेकणारी सीट पेडल मारण्यासाठी जवळजवळ नेहमीच खाली असते.

तेव्हा आधी दोन मापे घ्या. अनवाणी, पाठ भिंतीला लावून, पावलांत वीतभर अंतर ठेवून उभे राहा. जाड पुठ्ठ्याची वही दोन्ही पायांच्या मध्ये धरून सीटवर बसल्याइतकी घट्ट वर ओढा आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर दुसऱ्या कोणाकडून मोजून घ्या. वही काटकोनात राहिली पाहिजे. घरात गवंड्याची पाणसळ असेल तर ती वहीहून चांगली. हे झाले जांघेचे माप. दुसरे माप सायकलचे : क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, ज्या आसाभोवती फिरते त्याच्या मध्यापासून, सीटपोस्टच्या, म्हणजे सीट ज्या दांड्यावर बसते त्याच्या, रेषेत, सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत. शिवाय पुढच्या तीन चक्रांवर किती दाते आहेत आणि त्र्यंबकच्या रस्त्यावर आपण साधारण कोणता गिअर वापरता, तेही कळवा.

माण_काठचे_काका (१३ नोव्हेंबर)

वय ७१, अजूनही रोज सकाळी १० किलोमीटर सायकल. नळीखालून पाय घालून सायकल शिकलेल्या पिढीतील आहे, त्यामुळे मिलिमीटरची भाषा मला येत नाही. आमचे सायकलवाले मिस्त्री एकच माप सांगत : हाताची बोटे क्रँकच्या आसाला टेकवा, हात सरळ करा, सीट काखेत आली पाहिजे. तेवढ्यावर आम्ही सारा जिल्हा पालथा घातला.

दुखऱ्या गुडघ्याला रात्री तिळाचे तेल कोमट करून चोळावे आणि गरम पाण्याचा शेक घ्यावा. नी-कॅपनेही मला थंडीत आराम पडतो. आणि सायकल सोडू नका. माझ्या बरोबरीचे जे बसून राहिले, त्यांचे गुडघे माझ्याआधी कुरकुरू लागले.

गोदाकाठ (१४ नोव्हेंबर)

काका, मनापासून आभार. तेल रात्रीच सुरू केले.

फ्रीव्हील, आपला अंदाज खरा ठरला. सीटला मी आजवर हात लावलेला नाही. मुलीच्या मदतीने मापे घेतली : जांघेचे माप ७८ सेंटीमीटर, सीटची उंची ६४ सेंटीमीटर. पुढच्या चक्रांवर ४८, ३८ आणि २८ दाते आहेत. मी कायम ४८ वरच असतो; लहान चक्रावर पाय नुसतेच भिरभिरतात आणि आपण काही काम करतो आहोत असे वाटत नाही. मागे बहुतेक वेळा चौथ्या-पाचव्या चकतीवर. त्र्यंबकच्या रस्त्याला ताशी २० च्या आसपास वेग पडतो.

फ्रीव्हील_पुणे (१४ नोव्हेंबर)

दोन्ही गोष्टी सापडल्या, असे म्हणायला हरकत नाही.

आधी सीट. जांघेच्या मापाला ०.८८३ ने गुणायचे, ही एक प्रचलित रीत आहे. ग्रेग लेमाँड या अमेरिकी सायकलपटूच्या नावाने ती ओळखली जाते. आपल्या बाबतीत ७८ गुणिले ०.८८३ म्हणजे ६८.९ सेंटीमीटर. दुसरी रीत अशी की पेडल सर्वांत खाली असताना पेडलच्या आसापासून सीटपर्यंतचे अंतर जांघेच्या मापाच्या १०९ टक्के असावे. ते येते ८५ सेंटीमीटर. त्यातून १७० मिलिमीटरची क्रँक वजा केली की ६८. म्हणजे दोन रीतींमध्ये नऊ मिलिमीटरचाच फरक पडला, आणि आपली सीट दोन्हींपेक्षा चार-पाच सेंटीमीटर खाली आहे. काकांच्या मिस्त्रींनाही ही सीट काखेच्या बरीच खाली दिसली असती.

याचा गुडघ्याशी संबंध असा, की सीट खाली असली म्हणजे पेडल वर येते तेव्हा गुडघा वाजवीपेक्षा अधिक दुमडतो, आणि आपण नेमका तेथूनच जोर लावायला सुरुवात करतो. वाटी मांडीच्या हाडाच्या खाचेतून घसरत असते. गुडघा जितका दुमडलेला आणि त्यावर भार जितका मोठा, तितकी ती खाचेवर जास्त दाबली जाते. उकिडवे बसून उठताना जे जाणवते, तेच आपण तासाला काही हजार वेळा करत आहात.

आता गिअर. ताशी २० म्हणजे मिनिटाला ३३३ मीटर. आपल्या चाकाचा घेर साधारण २.१७ मीटर धरतो. पुढे ४८ आणि मागे १५ दात्यांची चकती असेल, तर पेडलच्या एका फेरीत सायकल सुमारे ६.९ मीटर जाते. म्हणजे आपण मिनिटाला जेमतेम ४८ फेऱ्या मारत आहात. तोच वेग पुढे ३८ आणि मागे २१ ठेवून काढला, तर फेऱ्या होतात ८५. वेग तोच, शरीराचे एकूण कामही तेच. पण जड गिअरमध्ये प्रत्येक फेरीला लागणारा जोर जवळजवळ पावणेदोन पट. पाय भिरभिरतात असे आपल्याला वाटते तीच बहुधा योग्य गती आहे. काम हलके वाटते, कारण ते मांडीकडून थोडे छातीकडे, म्हणजे दमाकडे, सरकते. उजवा गुडघा पंधरा सेकंदांत किती वेळा वर येतो ते मोजा आणि चाराने गुणा; सपाटीवर ८० ते ९०, चढावर निदान ७०, एवढे साधले तरी पुष्कळ झाले. २०० च्या ब्रेव्हेला साडेतेरा तासांची मुदत असते, म्हणजे थांब्यांसकट ताशी १५ सुद्धा पडत नाहीत. त्यासाठी ४८ च्या चक्राची गरज कोठे पडते?

सीट मात्र एका झटक्यात वर नेऊ नका. दर दोन-तीन फेऱ्यांनंतर ५ मिलिमीटर, एवढ्याच बेताने. प्रत्येक वेळी सीटपोस्टवर इन्सुलेशन टेपची बारीक पट्टी लावून खूण करा. पोस्टवर कोरलेली किमान खोलीची रेघ नळीच्या बाहेर दिसू लागली तर तेथेच थांबा. त्या पलीकडे पोस्ट मोडण्याचा धोका असतो.

वाटी_आणि_खाच (१५ नोव्हेंबर)

मी सांगलीत भौतिकोपचारतज्ज्ञ आहे. प्रत्यक्ष तपासणीशिवाय निदान करता येत नाही आणि मी ते करतही नाही. परंतु वर आलेल्या दोन-तीन मुद्द्यांवर लिहिणे आवश्यक वाटते.

पहिला मुद्दा, विश्रांतीने दुखणे गेले आणि सायकल सुरू करताच परतले, याचे आश्चर्य वाटू नये. डॉक्टरांनी झीज आणि दुखापत नाही याची खात्री करून घेतली, ते योग्यच झाले. पण विश्रांती भार काढून घेते. सीट, गिअर आणि स्नायूंची ताकद ही तिन्ही जागच्या जागीच राहतात. त्यातच सराव एका महिन्यात अडीच पटींवर गेला. ‘आठवड्याला दहा टक्क्यांहून अधिक वाढ नको’ असा एक ठोकताळा सांगतात. तो काही वेदवाक्य नव्हे, परंतु ७० वरून १८० ही उडी कोणत्याही ठोकताळ्यात बसत नाही. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत वाढीव श्रमाला सरावतात; स्नायूबंध आणि सांधे त्या मानाने सावकाश. म्हणूनच ‘दम लागत नाही, म्हणजे झेपते आहे’ या समजुतीवर गुडघे फसतात.

दुसरा मुद्दा, तेल, शेक आणि नी-कॅप. काकांचा अनुभव मी खोडत नाही. उबेने आणि हलक्या मर्दनाने बरे वाटते, त्यात अपायही नाही. फेरीनंतर गुडघा गरम वाटला, तर कापडात गुंडाळलेला बर्फ १५ मिनिटे ठेवावा. मात्र यांतले काहीही कारण दूर करत नाही, आणि घट्ट नी-कॅप लावून ६० किलोमीटर गेल्यास गुडघ्यामागच्या खोबणीत ती काचते, ते वेगळेच. वेदनाशामक गोळी घेऊन फेरीला निघणे मात्र कटाक्षाने टाळावे. दुखणे ही सूचना असते. ती बंद करून सराव केला तर मर्यादा कोठे ओलांडली हेच कळत नाही. शिवाय तासन्‌तास घाम गाळून शरीरातील पाणी कमी झालेले असताना त्या गोळ्यांचा मूत्रपिंडावर ताण पडतो.

तिसरा मुद्दा ताकदीचा. खुर्चीत आठ तास बसणाऱ्या माणसाच्या नितंबांचे स्नायू बहुधा झोपलेले असतात. साध्या आरशापुढे एक परीक्षा करून पाहा : वीतभरापेक्षा कमी उंचीच्या पायरीवर उजव्या पायावर उभे राहा आणि डावी टाच सावकाश जमिनीला टेकवून पुन्हा वर या. उजवा गुडघा पावलाच्या रेषेत राहतो, की आत, डाव्या गुडघ्याकडे, ढळतो? ढळत असेल तर पेडल मारतानाही तो ढळत असण्याची शक्यता मोठी आहे.

व्यायाम चारच सांगते आणि ते एक दिवसाआड करावेत. उताणे झोपून, एक गुडघा दुमडून दुसरा पाय सरळ ठेवत फूटभर उचलणे. उताण्यानेच दोन्ही गुडघे दुमडून कंबर वर उचलणे. कुशीवर झोपून, टाचा जुळलेल्या ठेवून वरचा गुडघा शिंपल्यासारखा उघडणे. आणि वर सांगितलेली पायरी, मात्र ती दुखत नसेल तेवढ्याच उंचीची. प्रत्येकी दहा-बाराचे तीन फेरे पुरतात. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. पहिल्या दहा दिवसांत काही झाले नाही म्हणून बहुतेक लोक येथेच सोडतात.

दुखणे किती चालेल? शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर तीनपर्यंत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत निवळत असेल, तर सराव कमी अंतराने चालू ठेवता येतो. परंतु गुडघा सुजला, अडकला, चालताना अचानक दगा देऊ लागला, लाल व गरम होऊन ताप आला, किंवा रात्री झोपेतून उठवण्याइतका दुखू लागला, तर येथील कोणाचेही, माझेसुद्धा, न ऐकता पुन्हा डॉक्टरांकडे जावे.

गोदाकाठ (२३ नोव्हेंबर)

एक कबुली द्यायची आहे. दर दोन-तीन फेऱ्यांनंतर ५ मिलिमीटर, असे स्पष्ट बजावलेले असताना मी घाई केली. ६८.९ हा आकडा एकदा डोळ्यांसमोर आल्यावर राहवले नाही आणि गेल्या रविवारी सीट एकदम तेथपर्यंत चढवली. पहिले १५ किलोमीटर स्वर्गसुख होते. पाय मोकळे झाले, ३८ च्या चक्रावर चढ सहज निघाला, अंजनेरी मागे पडले तरी वाटीला काही नाही. परतताना मात्र गुडघ्याच्या मागच्या बाजूला, बाहेरच्या शिरेसारख्या भागात ताण बसू लागला आणि सोमवारी सकाळी पाय पूर्ण सरळ करताना तेथेच दुखले. पुढचे दुखणे मागे गेले, असे म्हणायची वेळ आली आहे.

मागे येणाऱ्या मित्राने आणखी एक सांगितले : पेडल मारताना माझी कंबर दोन्ही बाजूंना डुलत होती.

फ्रीव्हील_पुणे (२३ नोव्हेंबर)

कंबर डुलणे ही सीट जास्त वर गेल्याची सर्वांत ढळढळीत खूण. पाय पेडलपर्यंत पुरत नाही म्हणून कंबर त्याच्या मदतीला खाली जाते. सूत्राचा आकडा ही शोधाची सुरुवात असते. ते सूत्र आपल्या पावलाची लांबी, बुटाच्या तळाची जाडी, मांडीमागच्या स्नायूंचा ताठरपणा यांतले काहीच जाणत नाही, आणि बैठे काम करणाऱ्यांचे मांडीमागचे स्नायू ताठर असण्याचाच संभव जास्त.

आणखी एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. सीटची नळी उभी नसते. ती मागे कललेली असते, जमिनीशी साधारण ७३ अंशांचा कोन करून. त्यामुळे सीट नुसती वर जात नाही, मागेही जाते. आपण ती ४९ मिलिमीटर चढवलीत, म्हणजे ती सुमारे १४ मिलिमीटर मागे सरकली. उंची आणि मागे सरकणे, दोन्हींचा परिणाम एकाच जागी, गुडघ्याच्या मागे, झाला.

आता असे करा. सीट दीड सेंटीमीटर खाली घ्या. सायकल भिंतीला टेकवून बसा, पेडल सर्वांत खाली आणा, पाऊल नेहमी ठेवता तसे ठेवा आणि मुलीला बाजूने, गुडघ्याच्या उंचीवरून, छायाचित्र काढायला सांगा. खुब्याचे बाहेर लागणारे हाड, गुडघ्याची बाहेरची बाजू आणि घोटा, या तीन बिंदूंना जोडणाऱ्या रेषा काढून कंपासपेटीतील कोनमापकाने कोन मोजा. सरळ पायापासून गुडघा २५ ते ३५ अंश दुमडलेला असावा.

मग पुढे-मागेची जागा. शिवणाच्या दोऱ्याला एक नट बांधून ओळंबा करा. क्रँक जमिनीला समांतर, उजवे पाऊल पुढे. वाटीच्या खाली हाडाचा जो उंचवटा हाताला लागतो तेथून ओळंबा सोडला, तर तो पेडलच्या आसाच्या आसपास पडायला हवा. हा काही निसर्गनियम नव्हे, कित्येक जण यापेक्षा बरेच मागे बसून निर्धास्त चालवतात. पण आपल्यासारख्याला प्रारंभबिंदू म्हणून तो उपयोगी आहे. सीटखालचे बोल्ट ढिले करून ती रुळांवर पुढे-मागे करता येते. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने बरे वाटले आणि कशाने बिघडले याचा हिशेब लागणार नाही.

पाऊल पेडलवर कोठे ठेवता, हे विचारायचे राहिले होते.

गोदाकाठ (२४ नोव्हेंबर)

पावलाचा मधला भाग पेडलवर असतो. साधे सपाट पेडल, साधे खेळाचे बूट. ते चुकीचे आहे का?

फ्रीव्हील_पुणे (२४ नोव्हेंबर)

चूक म्हणणार नाही. चवडा, म्हणजे अंगठ्यामागचा रुंद भाग, पेडलच्या आसावर किंवा आसाच्या किंचित पुढे ठेवून पाहा. मात्र हे सीटचे मोजमाप करण्याआधी ठरवा. पाऊल मागे-पुढे झाले की सीटची उंची पुन्हा बदलते.

अंबाघाट (२६ नोव्हेंबर)

कोल्हापूरहून लिहिते आहे. मी चार वर्षे ब्रेव्हे करते आणि ‘एका वेळी एकच बदल’ हे वाक्य मी फार महागात शिकले आहे, म्हणून त्याला जोड देते : मोठ्या फेरीच्या तोंडावर एकही बदल नको.

दोन वर्षांपूर्वी ३०० किलोमीटरच्या ब्रेव्हेच्या दोन दिवस आधी मी बुटांना नवे क्लीट, म्हणजे बूट पेडलमध्ये अडकवून ठेवणारे तळाचे तुकडे, बसवले. जुने झिजले होते. नव्यांची जागा जुन्यांच्या खुणेवर बसवली, असे मला वाटले; डाव्या बुटाचे पुढचे टोक एखादा अंश आत वळले होते, ते डोळ्यांना दिसलेच नाही. पहिले १०० किलोमीटर काही जाणवले नाही. पुढे डाव्या गुडघ्याच्या बाहेरच्या कडेला सुई टोचल्यासारखे होऊ लागले. खुब्यापासून गुडघ्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत येणारा जो जाड पट्टा असतो, तो तेथे प्रत्येक फेरीला डिवचला जात होता. १४० ला मी रस्त्याच्या कडेला बसून क्लीट ढिले करून फिरवले, पण तोपर्यंत जे व्हायचे ते झाले होते. १९० ला, रात्री साडेआठ वाजता, एका ढाब्यासमोर सायकलवरून उतरले तेव्हा पाय दुमडेना. वीस तासांच्या मुदतीतले सात तास हातात शिल्लक होते. उसाच्या टेम्पोत सायकल टाकून परत आले. त्यानंतर पाच आठवडे बंद.

गोदाकाठ, आपल्याला अजून क्लीट नाहीत, ही खरोखर चांगली गोष्ट आहे. सपाट पेडलवर पाऊल स्वतःची सोयीची जागा शोधते. क्लीट पाऊल बांधून ठेवतात, आणि चुकीच्या जागी बांधले तर चूकही बांधली जाते. जानेवारीच्या ब्रेव्हेसाठी मुळीच घेऊ नका.

आणि जानेवारीचेच बोलायचे तर, ती सोडा. हे कठोर वाटेल. पण व्यायामाला सहा-आठ आठवडे लागतात असे वर सांगितले आहे, सीट अजून ठरायची आहे, आणि आज २६ नोव्हेंबर. ब्रेव्हे पुढच्या मोसमातही असतात.

गोदाकाठ (२१ डिसेंबर)

चार आठवड्यांचा हिशेब देतो.

अंबाघाट, आपला सल्ला वाचला त्या दिवशी रागच आला होता. दोन दिवसांनी जानेवारीचा बेत रद्द केला.

सीट पहिल्यांदा ६७.४ वर आणली. मुलीने काढलेल्या छायाचित्रावर कोन ३१ अंश निघाला. ६४ वर किती होता ते पाहावे म्हणून एकदा सीट मुद्दाम खाली घेऊन मोजले, तर ४६. ओळंबा पेडलच्या आसामागे बोटभर पडत होता, म्हणून सीट रुळांवर ८ मिलिमीटर पुढे घेतली. पहिले दोन आठवडे फक्त सपाटीवर, गंगापूर रोडला, २० ते २५ किलोमीटर, ३८ च्या चक्रावर. फेऱ्या मोजत होतो : सुरुवातीला ६२, आता ७८-८० सहज. पहिल्या आठवड्यात छाती भरून यायची, मांडीला मात्र काही नाही. ‘काम दमाकडे सरकते’ याचा अर्थ तेव्हा कळला.

आरशासमोरच्या पायरीवर उजवा गुडघा आत ढळत होता. डावाही ढळतो, पण कमी. चारही व्यायाम चालू आहेत. शिंपल्याच्या व्यायामाने दुसऱ्या दिवशी नितंबाच्या बाजूला असे काही दुखले, की तेथेही स्नायू असतात याची ४६ व्या वर्षी ओळख झाली.

मागचे दुखणे आठ दिवसांत गेले. गेल्या रविवारी त्र्यंबकला जाऊन आलो. अंजनेरीला थांबून गुडघा चाचपला, काही नव्हते. शेवटच्या १० किलोमीटरमध्ये वाटीखाली हलकी जाणीव झाली, मोजपट्टीवर दोन म्हणता येईल, आणि सोमवारी सकाळी ती नव्हती. जिना उतरताना अजून कधीकधी कुरकूर होते.

एक अडचण मात्र नवी आहे. सीट वर गेल्यापासून सिग्नलला थांबताना पाय जमिनीला पुरत नाही. परवा अशोक स्तंभाजवळ एका रिक्षावर आडवा होता होता वाचलो. काका, तुमच्या पिढीचे याला काय उत्तर?

माण_काठचे_काका (२१ डिसेंबर)

सीटवर बसून थांबायचेच नाही. वेग कमी झाला की पुढे सरकून सीटवरून उतरायचे, नळीच्या दोन्ही बाजूंना पाय, एक जमिनीवर. निघताना उजवे पेडल वर घ्यायचे, त्यावर उभे राहायचे आणि सायकल चालू लागली की मग बसायचे. आमच्या २४ इंची सायकलींवर दुसरा उपायच नव्हता. संध्याकाळी सोसायटीच्या आवारात वीस वेळा करा, हात बसेल.

वाटी_आणि_खाच (२२ डिसेंबर)

प्रगती चांगली आहे. जिन्याची कुरकूर सर्वांत शेवटी जाते, तिच्यामुळे व्यायाम सोडू नका. पायरीची उंची आता दोन बोटांनी वाढवा. अंतर पुढचे दोन आठवडे आहे तेवढेच ठेवा, आणि कसारा घाटाचा विचार मनात असेल तर तो फेब्रुवारीपर्यंत लांबवा.

काकांनी सांगितलेली उतरण्या-चढण्याची रीत दोन्ही पायांनी शिका. उजव्याच पायावर नेहमी जोर पडला, तर तोच पुन्हा तक्रार करील.